आम्ही काहीच ठेवत नाही

मंगळवार, ७ जानेवारी

ही डायरी आमचा सीए चंद्रप्रकाश दरवर्षी फुकट देतो. गेल्या वर्षीच्या डायरीत रेवतीने दूधवाल्याचे खाडे लिहिले. यंदा बायकोच्या हातात पडण्याआधी मीच ढापली. कॉम्प्युटरवर मी खाजगी काही लिहीत नाही. माझं अक्षर मात्र कोणाच्या बापाला हॅक होणार नाही, शाळेत बाईंनासुद्धा लागत नव्हतं.

'चुपचाप'ला आज सहा महिने झाले. साकीनाक्याला खाली बेल्टची बकलं बनवणारा, वर आम्ही दोघं, अनय आणि मी. धंदा अगदी सोपा आहे. तुमच्याकडे एका जातीचं क्रिप्टो नाणं आहे आणि हवंय दुसऱ्या जातीचं. आमच्या साइटवर या, आम्ही एक पत्ता देतो, त्यावर तुमचं नाणं पाठवा, आम्ही दुसरं तुम्हाला पाठवतो. मधलं चिमूटभर आमचं. खातं नाही, नाव नाही, फोन नंबर नाही. बँकेत स्वतःचेच पैसे काढायला गेलं तर आधार आण, पॅन आण, फोटोत दोन्ही कान दिसले पाहिजेत! आम्ही विचारतच नाही तुम्ही कोण. साइटवर सगळ्यात वर, मोठ्या अक्षरात माझं वाक्य आहे: 'आम्ही काहीच ठेवत नाही.'

आता इथे लिहायला हरकत नाही, थोडं ठेवतो. कुठल्या इंटरनेट कनेक्शनवरून कोण कधी आलं, त्याची नोंद अनयने सर्व्हरवर चालू ठेवलीय. चंद्रप्रकाश घाबरट. म्हणाला, 'असं निनावी काम नियमात बसवणं कठीण आहे, उद्या कोणी दारात येऊन उभं राहिलं तर काय, हात हलवून दाखवणार?' असो. पब्लिकला वाक्य हवं असतं, ते आम्ही दिलंय.

माझी खरी कमाल दुसरीकडे आहे. नाण्याचा पत्ता म्हणजे चौतीस अक्षरांची खिचडी. लोक कॉपी-पेस्ट करतात आणि मधल्या मध्ये व्हायरस पत्ता बदलतो. म्हणून आम्ही पत्ता अक्षरांत देतच नाही, चित्रात देतो, त्यावर रेघोट्या मारून. मशीनला वाचता येणार नाही, माणसालाच येईल. त्याआधी एक कोडं, 'ज्या चौकोनांत होडी आहे ते निवडा.' आणि सगळ्याला बारा मिनिटं. आयडिया शंभर टक्के माझी. अनय नुसता टाइप करतो.

जेवताना घरी हे सगळं सांगितलं. रेवती 'हं हं' करत फोन बघत होती. ताई मात्र मन लावून ऐकते. उत्तराताई माझ्याहून चार वर्षांनी मोठी. अकराव्या वर्षी तिचे डोळे गेले. आई गेल्यापासून तिचं सगळं मीच बघतो. घरात बसून ती परदेशातल्या डॉक्टरांचं बोलणं ऐकून टाइप करते, पगार बँकेत येतो, पण बँक माझ्या फोनवर, ओटीपी माझ्या फोनवर, एटीएम कार्ड माझ्या पाकिटात. मेसेज आला की मी मोठ्याने वाचून दाखवतो. तिला कसलीही ददात नाही.

ताईने विचारलं, "म्हणजे तुलासुद्धा कळत नाही कोण आलं ते?"

"मलासुद्धा नाही. अगदी तू येऊन बसलीस समोर तरी कळणार नाही."

ताई भात कालवत राहिली.

शनिवार, ११ जानेवारी

ताईच्या कॉम्प्युटरवर स्क्रीन वाचून दाखवणारी एक बया आहे. इतक्या वेगात बोलते की आपल्याला ओ की ठो कळत नाही, ताईला सगळं कळतं. आज सकाळी दार लोटलेलं होतं आणि बया आतून अडकल्यासारखी बोलत होती, "इमेज. इमेज. इमेज. इमेज." चांगली दहा मिनिटं. मी बाहेरून ओरडलो, "ताई, साड्या बघतेयस का?" ती म्हणाली, "हो रे." साड्यांचे फोटो आंधळ्या माणसाने बघून काय करायचे ते देव जाणे.

सोमवार, १३ जानेवारी

आज एक नग भेटला. ग्राहकांचे मेल मी बघतो, कारण अनय सगळ्यांना 'सॉरी सर' लिहितो आणि मग लोक डोक्यावर बसतात.

मेल इंग्रजीत, बिननावाचा. इंग्रजी एकदम कडक, कुठे स्वल्पविराम चुकलेला नाही. बहुतेक कुलाब्याकडची पार्टी असणार, मुलुंड-घाटकोपरात असं कोणी लिहीत नाही. मी त्याचं नाव 'इंग्रजीवाला' ठेवलंय. म्हणतो काय: "मी अंध स्त्री आहे. मी स्क्रीन वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर वापरून काम करते." म्हणजे बाई निघाली, पण नाव आता पडलंय. "तुमच्या कोड्यात नऊ चित्रं आहेत आणि एकालाही नाव दिलेलं नाही. आवाजाचं कोडं ठेवता येतं. पत्ता अक्षरांत देता येतो. बारा मिनिटं वाढवता येतात. तुमच्याकडे मी खाजगीपणासाठी आले आहे, पण तुमची साइट मला दुसऱ्या कोणालातरी शेजारी बसवायला लावते. मग खाजगी काय उरलं?"

बघा! फुकटात नाव न विचारता सेवा देतोय आणि यांना वर लोणचं-पापड पाहिजे. उद्या एखादा म्हणेल मला वाचता येत नाही, पोवाडा म्हणून दाखवा. एका माणसासाठी मी माझी व्हायरसविरुद्धची तटबंदी पाडायची?

मी उत्तर ठोकलं. 'साइट सर्वांना सारखीच आहे. सुरक्षेत तडजोड होणार नाही. माझ्या स्वतःच्या घरात अंध व्यक्ती आहे, तिला कधी असली अडचण आलेली नाही. आपण घरातल्या एखाद्या विश्वासू माणसाकडून वाचून घ्यावं.'

अनय म्हणाला, "जरा जास्त झालं यार." मी म्हटलं, तू कोड लिही.

बुधवार, १५ जानेवारी

इंग्रजीवाल्याचं उत्तर आलं, दोन दिवस घेऊन. दोनच ओळी. "तुम्ही त्या व्यक्तीला कधी विचारलंत का? विश्वासू माणूस माझ्याही घरात आहे. अडचण तीच आहे."

शहाणपणा आहे नुसता. विश्वासू माणूस घरात आहे ही अडचण कशी होईल? मी उत्तर दिलं नाही. लोकांना विश्वासू माणसं मिळत नाहीत म्हणून लोक रडतात.

जिन्यात तेजलबेन भेटल्या, समोरच्या फ्लॅटमधल्या. हातात तिळाच्या लाडवांचं ताट आणि तोंडभर हसू. "केयूरभाई, तुमची उत्तरा तर छुपी रुस्तम निकली हां! आम्हाला वाटलं नुसती टायपिंग करते." मी म्हटलं, का, काय झालं? तर म्हणे, "काय नाय, काय नाय. माझं तोंड बंद." आणि खरोखर तोंडावर बोट ठेवून लाडू दिला. या बाईला दुपारी दुसऱ्यांच्या घरात बसण्याशिवाय धंदा नाही. हल्ली आमच्याकडे जरा जास्तच येते. रेवतीला सांगितलं, दार आतून लावत जा.

सोमवार, २० जानेवारी

इंग्रजीवाल्याने अखेर वाट लावून घेतली. स्वतःची, आमची नाही.

शेजारच्या बाईला बसवून वाचून घेतलं म्हणे. बाई हळू वाचतात, मोठा बी की छोटा बी यात घोळ, दोनदा पहिल्यापासून. पत्ता जुळेपर्यंत बारा मिनिटं उलटून गेली होती आणि नाणी नंतर आमच्याकडे पोहोचली. उशिरा आलेली नाणी आपोआप बाजूला पडतात. परत हवी तर ऑर्डर नंबर लागतो. आणि ऑर्डर नंबरही मी चित्रातच दिलाय, रेघोट्यांसकट. त्या बाईंनी तो लिहूनच घेतला नाही.

"ही माझी आठ महिन्यांची कमाई आहे," असं लिहिलंय. "कामाव्यतिरिक्त एका कंपनीच्या साइट मी तपासून देते, दिसत नसलेल्या माणसाला त्या वापरता येतात का हे बघते. ते लोक नाण्यांत पैसे देतात. घरी कोणाला माहीत नाही. मी आणि माझी मैत्रीण मिळून भाड्याने जागा घेत आहोत. बदललेली नाणी ती विकून रुपये करणार होती. ३१ जानेवारीपर्यंत माझा वाटा दिला नाही तर मालक जागा दुसऱ्याला देणार. दोन अंध बायकांना जागा द्यायला तयार झालेला हा अकरावा मालक आहे. ज्या डिजिटल पाकिटातून नाणी पाठवली, त्याच पाकिटातून पुन्हा चिमूटभर पाठवून दाखवते. म्हणजे मीच ती, हे सिद्ध होईल."

तसं सिद्ध होतं, हे खरं आहे. अनय लगेच म्हणाला, "बरोबर बोलतेय ती. दे सोडून." मी म्हटलं, नियम म्हणजे नियम. ऑर्डर नंबर नाही तर पैसे नाहीत. आज हिला सोडले तर उद्या दहा जण काळा चष्मा लावून येतील.

आणि मला दुसरंच सुचतंय. आंधळी बाई, घर सोडून, कोण्या मैत्रिणीबरोबर, तीही आंधळी. गॅस कोण बघणार? रस्ता कोण ओलांडून देणार? घरच्यांना पत्ता नाही. काय दिवस आलेत! त्या घरच्या माणसांची मला खरंच कीव आली. जेवताना ताईला सांगितलं, नाव न घेता (नाव आहे कुठे?). म्हटलं, "अशी पण माणसं असतात बघ. घरच्यांनी इतकं केलं त्याचं काही नाही."

ताई म्हणाली, "मग दिलेस का तिचे पैसे?"

"छे. नियमात बसत नाही."

ताई ताट घेऊन उठली. आमटीला हात लावला नव्हता. रेवती माझ्याकडे असं बघत होती की माझ्या शर्टावर काही सांडलंय की काय, असं मला वाटलं.

शुक्रवार, २४ जानेवारी

रोज एक मेल. रोज तेच, आणि रोज तितक्याच सभ्य भाषेत. चिडत पण नाही बया. आज मला शंका आली की हा सगळा बनाव आहे. आंधळी नाहीच, कोणीतरी बसलाय आमच्याकडून पैसे उकळायला. म्हटलं, एकदा बघूनच टाकू. अनय चहाला खाली गेला होता, मी सर्व्हरवरची नोंद उघडली.

साइटवर लिहिलंय त्याच्या विरुद्ध आहे हे, मान्य. पण चोराला पकडायला जावंच लागतं.

११ जानेवारी, सकाळ. १५ जानेवारी, दुपार. १८ जानेवारी, दुपार. तिन्ही वेळा एकच कनेक्शन, आणि त्याचा नंबर मी पाठ म्हणू शकतो. घरून सर्व्हर उघडता यावा म्हणून मी दर महिन्याला जास्तीचे पैसे भरून तो कायमचा करून घेतलाय. तो माझ्या घरचा नंबर आहे.

अनय वर आला. त्याने विचारलं, "काय रे, भूत बघितल्यासारखा का बसलायस?"

शनिवार, २५ जानेवारी

रेवती. दुसरं कोण? चोरून पैसे साठवायचे आणि मला सापडू नये म्हणून आंधळेपणाचं सोंग! रात्रभर तळमळलो. सकाळी ती पोहे करत होती, तिथेच गाठली.

"किती दिवस चाललंय हे?"

"काय?"

"चुपचापवर तू नाणी पाठवलीस. इथून. माझ्याच घरातून. मला वेडा समजतेस?"

रेवतीने गॅस बंद केला. भांडणाच्या तयारीने नाही, पोहे झाले म्हणून. "मला त्या चित्रांतल्या होड्या दिसतात रे, केयूर," ती म्हणाली. "दिसत नाहीत असं लिहिणारी मी नाही. आणखी कोण राहतं या घरात?"

मी म्हटलं, "ताई? ताईला काय कळतं त्यातलं?" आणि बोलता बोलताच मला ते कडक इंग्रजी आठवलं. दिवसभर डॉक्टरांचं इंग्रजी टाइप करते ती. इमेज, इमेज, इमेज. तेजलबेनचं बोट.

"तुला माहीत होतं?"

"महिनाभर. ऋतिका नावाची मैत्रीण आहे तिची, शाळेपासूनची. बोरिवलीला जागा बघितलीय दोघींनी. तुला सांगायचं नाही असं तिने मला शपथ घालून सांगितलं होतं."

"आणि तू ऐकलंस?"

"तुझी बायको आहे, तुझी पोलीस नाही," असं म्हणून तिने माझ्यापुढे बशी ठेवली. शेंगदाणे सगळे एका बाजूला गेले होते. मी तसेच खाल्ले.

मंगळवार, २८ जानेवारी

कळून तीन दिवस झाले, पैसे अजून सोडलेले नाहीत. अनय विचारतो, मी 'तपास चालू आहे' सांगतो. तपास कसला डोंबलाचा! एक बटण आहे, दाबायचं.

पण मी का दाबू? सत्तावीस वर्षं झाली तिचे डोळे गेल्याला. शाळेत नेऊन सोडलं मी, परीक्षेला लेखनिक म्हणून बसलो मी, आईच्या शेवटच्या दिवसांत दोघींचं सगळं केलं मी. तिला काय कमी केलं? तिच्या पगारातला रुपया मी स्वतःसाठी घेतलेला नाही, कोणीही येऊन बघावं. आणि ती अनोळखी माणसाला मेल लिहिते, की घरातला विश्वासू माणूस हीच अडचण आहे! तो अनोळखी माणूस पण मीच. मीच तिला लिहिलं की घरातल्या अंध व्यक्तीला अडचण येत नाही. हे आठवलं की कानशिलं तापतात. तेही पुन्हा तिच्यावरच राग येऊन.

आज तिच्या खोलीत चहा घेऊन गेलो. मी कधी नेत नाही. म्हटलं, "ताई, तुझं काही अडलंय का? असलं तर सांग."

"अडलं तर सांगीन हं," ती म्हणाली. चहा छान झालाय म्हणाली. साखर विसरलो होतो.

गुरुवार, ३० जानेवारी

दुपारी मेल आला. "उद्या शेवटचा दिवस. आज संध्याकाळपर्यंत पैसे मिळाले नाहीत तर मला माझ्या भावाला सगळं सांगावं लागेल आणि त्याच्याकडे मागावे लागतील. ते मला करायचं नाही. पण करीन."

वाचून काय झालं ते लिहितो, डायरी आहे म्हणून. मला बरं वाटलं. म्हटलं, येऊ दे. येऊन सांगू दे एकदा, 'केयूर, मला जायचंय, पैसे अडकलेत.' मी तिथल्या तिथे देईन. वर चार घालून देईन. गाडी करून सामान पोहोचवीन. फक्त मला विचारू दे.

चारला ऑफिसातून निघून घरी आलो. हॉलमध्ये बसलो. टीव्ही लावला नाही, तिला वाटू नये मी कामात आहे. पाच, सहा, सात. ताई एकदा बाहेर आली, माझ्या खुर्चीपाशी थांबली. माझा श्वास तिला ऐकू येतो, लहानपणापासून. मग म्हणाली, "आज लवकर आलास," आणि पाणी घेऊन आत गेली.

आली नाही. जागा जाऊ दे म्हणाली असेल मनात, पण मागायला आली नाही.

शुक्रवार, ३१ जानेवारी

सकाळी घरूनच बटण दाबलं. दरही जुनाच लावला, तिचं नुकसान नको. खाली मेल लिहिला, 'आपली नाणी पाठवली आहेत. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.' सहा महिन्यांत पहिल्यांदा 'दिलगीर' लिहिलं.

दाराबाहेर उभा राहिलो. आत बयेने मेल भराभर वाचला. मग ताईने तो पुन्हा वाचायला लावला. मग आतून एक आवाज आला, लहान मुली दोरीवर उडी मारताना करतात तसा. अडतीसाव्या वर्षी!

मला राहवलं नाही. मी आत गेलो. म्हटलं, "पोहोचले ना ताई पैसे?"

ताई हलली नाही. "कसले?"

"असू दे गं. मला सगळं माहीत आहे. मी रागावलो नाहीये." मला वाटलं होतं ती रडेल, किंवा माझा हात धरेल. मी हात पुढे केलासुद्धा होता, तिला दिसणार नाही हे विसरून.

"तुला कसं कळलं?"

"कळलं."

"रेवतीने सांगितलं?"

"नाही. तिला उगाच मध्ये घेऊ नकोस. आधी मलाच कळलं."

"मग कसं?" ताईचा आवाज चढला नाही. "मेल तू लिहितोस हे मला पहिल्या उत्तरातच समजलं. 'माझ्या घरात अंध व्यक्ती आहे.' तरी मी लिहीत राहिले. मुद्दाम तुलाच. तुला मी कोण ते ठाऊक नव्हतं ना, म्हणून बोलता आलं. आयुष्यात पहिल्यांदा तुझ्याशी भांडले मी, मजा आली मला. पण तुला कळलं कसं, केयूर? कोणालाच कळत नाही म्हणाला होतास."

मी म्हटलं, "थोडी नोंद असते ताई. सर्व्हरवर. कुठून कोण आलं त्याची. सगळेच ठेवतात."

"असते," ताई म्हणाली.

"सुरक्षेसाठी गं."

"बाहेर अशा पन्नास साइट आहेत. दोन-तीन तर मी तपासून दिल्यात, तिथे कोडं ऐकता येतं. पाच मिनिटांत काम झालं असतं माझं." ती कॉम्प्युटरकडे वळली. "तुझ्याकडे आले, कारण तू रोज जेवताना सांगायचास. मला खरं वाटलं ते."

मी तिथे उभा होतो. ती टाइप करायला लागली. थोड्या वेळाने म्हणाली, "दार लोटून जा हं."

रविवार, २ फेब्रुवारी

ताई गेली. दोन बॅगा, कॉम्प्युटर, आईची पोळपाट-लाटण्याची जोडी. ऋतिका टॅक्सी घेऊन खालीच थांबली होती. तिला थोडं दिसतं म्हणे, उजेड वगैरे. मी म्हटलं, मी येतो सोडायला. ताई म्हणाली, "नको रे." जाताना तिने माझ्याकडून तिचं एटीएम कार्ड मागून घेतलं, दोन बोटांत धरून त्यावरची उठावाची अक्षरं चाचपली आणि पर्समध्ये टाकलं. रेवती टॅक्सीपर्यंत गेली. तेजलबेन गॅलरीत उभ्या राहून डोळे पुसत होत्या, जसं काही यांचंच कोणी चाललंय.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

साइट बदलली. आवाजाचं कोडं, पत्ता आणि नंबर अक्षरांत, वेळ हवा तितका वाढवायची सोय. अनयने जेवणाच्या सुट्टीच्या आत संपवलं. तीन तास! महिनाभर मी ज्याच्यासाठी तलवार घेऊन उभा होतो ते तीन तासांचं काम निघालं. व्हायरसचं काय, म्हणून विचारलं, तर म्हणाला, "पत्त्याची पहिली-शेवटची चार अक्षरं तपासून घ्या असं लिहायचं. सगळे तेच करतात." मग आधी का नाही बोललास गाढवा? "बोललो होतो. तू म्हणालास, कोड लिही."

नोंद बंद कर म्हटलं, तर अनय म्हणाला, चंद्रप्रकाश फासावर चढवेल. मग म्हटलं, वरचं ते वाक्य तरी काढ. यावर तो म्हणाला की त्या वाक्यावरच गिऱ्हाईक येतं. वाक्य अजून आहे. मी आज त्यावर जास्त भांडलो नाही, हे खरं आहे.

निघताना अनय चाचरत म्हणाला, "पुन्हा कधी ती साइटवर आली, तर नोंदीत दिसेल रे कुठून आली. घर कुठे आहे ते काढता येईल अंदाजाने."

मी म्हटलं, ती येणार नाही.

रविवार, १६ फेब्रुवारी

रेवतीला पत्ता माहीत आहे. ती जाऊन आली, चकल्या देऊन आली. मला सांगत नाही. "तिने नको म्हटलंय," एवढंच.

आज सकाळी ताईचा फोन आला. स्वतःहून. आवाज एकदम टवटवीत. ऋतिका कशी करपलेल्या पोळ्या करते, खालचा भाजीवाला कसा हिला आवाजावरून ओळखायला लागलाय, मजल्यावर मांजर कसं येतं, सगळं सांगितलं. मी पण हसलो. साइट बदलल्याचं सांगितलं. "बरं झालं," म्हणाली, "बाकीच्यांची सोय झाली."

मग मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "जागा कुठेशी आहे गं ताई?"

"बोरिवलीला."

"हो, पण बोरिवलीला कुठे?"

मागे कुकरची शिट्टी झाली, कोणीतरी हसलं. मग अगदी मायेने, लहान मुलाला समजावतात तशा आवाजात ती म्हणाली, "बोरिवलीला."

मी बरं म्हटलं. तिने विचारलं, नाश्ता झाला का. मी हो म्हणालो. झाला नव्हता.